अन्नाचें वावडें आणि आईची साक्ष

एखाद्या अन्नाचें मुलास वावडें आहे, हें प्रथम कोणास कळतें? वैद्यास नव्हे; घास भरविणाऱ्या आईस. तथापि शास्त्राच्या दप्तरीं तिची साक्ष क्वचितच घेतली जाते.

ती घेतल्यास काय साधतें, हें नगर जिल्ह्यानें दाखविलें आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेडास कार्य आरंभिलें. तेथील प्रश्न ॲलर्जीचा नव्हे, कुपोषणाचा होता. खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येक निरक्षर, स्त्रियांस त्यांनीं आरोग्यसेविका केलें. मुलांचीं वजनें व आहाराची चौकशी त्यांच्याच हातीं सोंपविली. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक लाभलें.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा इतिहासही हेंच सांगतो. इस्रायलमधील मुलें तान्हेपणींच शेंगदाण्याचा खाऊ खातात व त्यांस ही बाधा कमी होते, हें संशोधकांच्या ध्यानांत आलें. पुढें लंडनमध्यें ६४० अर्भकांच्या आईबापांनीं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, मुलें पांच वर्षांचीं होईतों नियम पाळला. कांहींनीं शेंगदाण्याचे पदार्थ देण्याचा, कांहींनीं टाळण्याचा. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लवकर देणाऱ्यांच्या घरीं ही बाधा कितीतरी कमी आढळली.

आमच्याकडे तर शेंगदाण्याचा कूट नित्याचाच. उद्यां येथें असें संशोधन होईल, तेव्हां घरांतील आईस केवळ मोजूं नये. काय शोधावें, हेंही तिलाच आधीं विचारावें.