पाटी तीच, आकडा नवा
होटगी जंक्शननं २ ऑक्टोबर १९६६ रोजी जागेवरून न हलता रेल्वे बदलली. अख्खा सोलापूर विभागच मध्य रेल्वेतून नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ साली परत आला. विभाग सबंध हलला, म्हणून गदगचा फाटा काय, फलाट काय, कुणाचीच ओळख पुसली नाही. कार्यालयातला सर्व्हर बसला आणि डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणारी व्यवस्था, नव्यानं उभारावी लागली, की मात्र नेमकं उलटं घडतं. १९९३च्या विंडोज एनटीपासून वापरकर्त्याची खरी ओळख म्हणजे एसआयडी हा लांबलचक आकडा. डोमेनचं नाव, लॉगिन, पासवर्ड तेच ठेवले तरी आकडा नवा पडतो आणि संगणक जुन्या कारकुनापुढे कोरा डेस्कटॉप ठेवतो. त्याचा जुना प्रोफाइल, म्हणजे फाइली आणि सेटिंग्जचा फोल्डर, तर ‘सी’ ड्राइव्हवरच पडून असतो! फाइली कॉपी केल्या की भागतं, असं म्हणणारे सेटिंग्ज विसरतात; त्या एनटीयूझर डॅट या फाइलीत राहतात. म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या प्रोफाइललिस्टमध्ये नव्या एसआयडीपुढे जुन्या फोल्डरचा पत्ता लिहायचा आणि फोल्डरवर, त्या फाइलीतल्या नोंदींवरही, नव्या खात्याला हक्क द्यायचे, हा मार्ग मला जास्त पटतो. सर्व्हरचा धड बॅकअप असता तर हा खटाटोपच नको, हा आक्षेप रास्त आहे. पण डोमेन नव्यानं उभारायची पाळी बहुधा बॅकअप नसल्यामुळेच येते.