मागणारी पावले, पोचवणारी पावले

दूरचा पल्ला पायी तोडायचा आणि त्या श्रमांच्या निमित्ताने गरजूंसाठी निधी उभारायचा, ही प्रथा आम्हांला पाश्चात्त्य आणि अगदी अलीकडची वाटते. 'वॉकेथॉन' हा शब्दही तसाच परका. परंतु दुसऱ्याच्या गरजेसाठी स्वतः वाट तुडवण्याची कल्पना ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकाइतकी जुनी आहे.

त्या शतकाच्या मध्याला संत पौलांनी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून जेरुसलेममधील गोरगरिबांसाठी वर्गणी गोळा केली. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, असे त्यांनी करिंथकरांना लिहिले. ती रक्कम नेणारी माणसे मंडळ्यांच्या पसंतीची असावीत, अशीही व्यवस्था त्यांनी केली. एवढ्या पैशांबाबत कोणी ठपका ठेवू नये, ही त्यामागची दक्षता. जेरुसलेमच्या त्या प्रवासात सोबत्यांना गलबताने पुढे धाडून त्रोवस ते अस्स ही मजल त्यांनी पायी केली, अशी नोंद 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आहे. पुढे जेरुसलेमात त्यांना अटक झाली. तरीही आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, हे त्यांनी सुभेदारासमोर सांगितले.

मध्ययुगातील यात्रेकरू बहुधा स्वतःच्या नवसासाठी वा प्रायश्चित्तासाठी चालत. चालणाऱ्याच्या श्रमांचे फळ अनोळखी माणसाच्या पदरात टाकणारी आधुनिक पदयात्रा विसाव्या शतकात आकाराला आली. १९५३ साली पोर्तो रिको बेटावरील 'दिप्लो' या नावाने गाजलेला विनोदी नट रामोन रिवेरो सान हुआनपासून पोन्सेपर्यंत ८० मैल चालला आणि कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेसाठी त्याने ८५,००० डॉलर जमवले. लोकांना हसवणारा माणूस त्यांच्यासाठी पाय दुखवून घेतो आहे, हे दृश्य एखाद्या व्याख्यानापेक्षा प्रभावी ठरले असावे. १९६७ पासून कॅनडात 'माइल्स फॉर मिलियन्स' या पदयात्रांनी हीच वाट रुंद केली. चालणाऱ्याने ओळखीपाळखीच्या लोकांकडून दर मैलामागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यायची, ही त्यांची रीत. पाऊल पडेल तसा निधी वाढे.

हाँगकाँगमध्ये या प्रथेला निराळे वळण मिळाले. तेथे ब्रिटिश सैन्यातील गुरखा जवानांनी १९८१ साली सराव म्हणून मॅक्लेहोज पायवाट धरली. ही वाट १०० किलोमीटरची. साई कुंगच्या किनाऱ्याकडून निघून डोंगररांगांवरून ती तुएन मुनला उतरते. या सरावाला निधिसंकलनाची जोड मिळाली आणि १९८६ साली 'ऑक्सफॅम'च्या सहकार्याने सामान्य नागरिकांनाही तीत प्रवेश मिळाला. नियम असा की चमू चौघांचा असावा आणि चौघांनी मिळून ४८ तासांच्या आत शेवट गाठावा. पायाला फोड आलेल्या सोबत्यासाठी वेगवान गड्याने थांबायचे, हे त्यात ओघानेच आले. १९९७ साली गुरखा पलटणी हाँगकाँग सोडून गेल्या; ऑक्सफॅमने चालणे पुढे चालू ठेवले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पैसे सरळ द्यावेत, त्यासाठी चालण्याचा खटाटोप कशाला? दान देताना कर्णा वाजवू नये, ही प्रभूची शिकवण आपणांस ठाऊक आहे. आम्हांला वाटते, या आक्षेपाचे उत्तर चालण्यात नाही, चालून झाल्यावर काय घडते त्यात आहे.

याचा पडताळा घरच्याच इतिहासात मिळतो. रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी पैसा नव्हे, जमीन मागितली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला भूमिहीन हरिजनांनी ८० एकरांची मागणी केली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. त्यानंतर विनोबा सुमारे तेरा वर्षे देशभर चालत राहिले. संकल्प ५ कोटी एकरांचा होता, मिळाली सुमारे ४२ लाख एकर. तीही सगळी भूमिहीनांच्या हाती पडली नाही. काही खडकाळ, काही वादात अडकलेली, तर बरीचशी वाटपाविना कागदावरच राहिली. विनोबांच्या तपश्चर्येत उणे नव्हते. त्यांची पावले दात्याच्या दारापर्यंत पोचली. तेथून भूमिहीनाच्या बांधापर्यंतची वाट मात्र तितक्याच निष्ठेने चालणारे पुरेसे निघाले नाहीत.

संत पौलांनी वर्गणी मागितली, सोबत विश्वासू माणसे घेतली, आणि ती स्वतः नेऊन पोचवली. आपल्या धर्मग्रामांतील तरुण एखाद्या सत्कार्यासाठी चालायला निघाले, तर आपण त्यांना हात आखडता न घेता द्यावे. परंतु देताना विचारावेही: हा पैसा कोणाच्या हाती पडणार, तेथवर तो कोण नेणार आणि हिशेब केव्हा मांडणार? असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. करिंथच्या मंडळीला तो अधिकार खुद्द प्रेषितानेच दिला होता.