काकडीचा नवस आणि हिमाची माउली

धर्माचा इतिहास आपण बहुधा राजाज्ञांतून आणि पंडितांच्या वादांतून वाचतों. पण धर्म नांदतो घरांत. आणि घर म्हटलें कीं थोडी थट्टा, थोडे नवस आणि पुष्कळसें पावसाकडे लक्ष हीं आलींच. गोव्यांतील ख्रिस्ती घरांचे कांहीं सण या दृष्टीनें पाहण्याजोगे आहेत.

तिसवाडींतील तळावली गांवीं संत आनेची भव्य इगर्ज आहे. ती १६९५ मध्यें पुरी झाली. संत आना ही मरियेची माता, म्हणजे येशूची आजी. तिला उतारवयांत अपत्य झालें अशी परंपरागत कथा असल्यामुळें निपुत्रिकांनीं तिच्याकडे धांव घ्यावी हें साहजिक आहे. परंतु जुलैअखेरच्या तिच्या सणाला वाहण्याच्या वस्तु ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. मूल हवें असेल त्यानें काकडी वाहावी, बायको हवी असेल त्यानें चमचा, आणि नवरा हवा असेल तिनें उडीद! याचा उलगडा कोणत्याहि धर्मग्रंथांत सांपडणार नाहीं. तो आहे पोर्तुगीज यमकांत. त्या भाषेंत काकडी म्हणजे ‘पेपिनु’ आणि बाळ म्हणजे ‘मेनिनु’; चमचा ‘कुल्येर’, तर बायको ‘मुल्येर’. नवऱ्याला म्हणतात ‘मारिदु’. त्याच्याशीं यमक जुळवावयास मात्र घरच्या कोठारांतला कोंकणी उडीदच पुढें आला. शब्दांचा हा खेळ देवाघरच्या आजीला कळतो आणि आवडतोहि, असा हा गोड भरंवसा आहे.

या हंशामागें मोठा कठीण काळ उभा आहे. गोव्यांत १५६० मध्यें ‘इन्क्विझिशन’ हें धर्मन्यायालय सुरू झालें आणि मधलीं थोडीं वर्षें सोडलीं तर १८१२ पर्यंत चाललें. १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं एतद्देशीयांनीं तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. १७३६ च्या जाहीरनाम्यानें तर स्वैंपाकघरांतच पाऊल टाकलें. ख्रिस्ती घरांत तुळस लावूं नये, लग्नांत हळद वापरूं नये, इतकेंच काय, हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजवूं नये! भातांतलें मीठ हा जेथें न्यायासनापुढचा प्रश्न होतो, तेथें गृहिणीची स्थिति काय झाली असेल?

पण पाऊस आणि भूक यांना फर्मान लागू होत नाहीं. साष्टींतील राय गांवची इगर्ज आहे ‘हिमाच्या माउली’ची. या नांवाची कथा रोमची. तेथील एका टेंकडीवर ऐन उन्हाळ्यांत, ५ ऑगस्टला, हिम पडलें आणि त्या जागीं मरियेचें मंदिर उभें राहिलें. गोव्यांत हिम कोणीं पाहिलें आहे? ५ ऑगस्टला तेथें असतो धो धो पाऊस आणि शेतांत नुकतीं धरूं लागलेलीं कणसें. म्हणून त्या दिवशीं गांवकरी मिरवणुकीनें शेतावर जातात, पाद्री पहिल्या कणसांना आशीर्वाद देतो, आणि तीं घरोघर देवापुढें ठेवलीं जातात. कोंकणांत दाराला ‘नवें’ बांधणाऱ्या घरांना याचा अर्थ समजावून सांगावयास नको. हिमाच्या माउलीनें येथें भाताची राखण पत्करली.

२४ जूनच्या सांजांवाची कथाहि अशीच. मरिया भेटीस आली तेव्हां अलीशिबेच्या उदरांत योहानानें आनंदानें उडी मारली, असें लूकच्या शुभवर्तमानांत आहे. गोंयकारानें तें वाचलें, भरत आलेल्या विहिरीकडे पाहिलें, आणि डोक्यावर पानाफुलांचा ‘कोपेल’ चढवून स्वतःच उडी घेतली! नव्या जांवयाचा तर त्या दिवशीं विशेष मान.

शेवटीं म्हापशाची गोष्ट. तेथील मिलाग्रिस सायबीण म्हणजे मरियामाता ही शिरगांवच्या लईराई देवीची बहीण, अशी लोकांची श्रद्धा आहे. तिच्या सणाला हिंदु आणि ख्रिस्ती दोघेहि तेल घेऊन येतात. या नात्याकडे केवळ कौतुकानें पाहून चालणार नाहीं. सोळाव्या शतकांत गोव्यांतील किती तरी कुळें दुभंगलीं. कांहीं आपले देव घेऊन अंत्रुज महालांत गेलीं. कांहीं बाप्तिस्मा घेऊन बापजाद्यांच्या शेतावर राहिलीं. एकमेकांच्या पंक्तीला बसणें संपलें, देव्हारे वेगळे झाले. पण देवीच जर एकमेकींच्या बहिणी असतील, तर त्यांच्या लेंकरांना परकें कोण म्हणणार? जें नातें माणसांना उघड सांगतां येईना, तें त्यांनीं देवींच्या नांवावर लिहून ठेवलें.

इन्क्विझिशनचें दप्तर बंद होऊन दोन शतकें लोटलीं. तळावलीस काकड्या अजून येतात.