बार भरलेला, केप खिशात

परवा अमरावतीला भाच्याकडे गेलो होतो. कापसाची रोकड घेऊन रात्री-बेरात्री अकोल्याहून यावं लागतं, म्हणून त्यानं रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. जेवताना वाद निघाला. त्याच्या मित्राचं म्हणणं, जवळ बाळगायचं तर भरलेलंच हवं, नाहीतर नुसता लोखंडाचा तुकडा. भाचेसून म्हणाली, "घरात दोन लेकरं आहेत, गोळ्या कपाटात राहतील. मामाजी, तुम्हीच सांगा." जन्मभर इतिहास शिकवला, त्याची ही शिक्षा!

प्रश्न बंदुकीइतकाच जुना आहे. तोड्याच्या बंदुकीचा तोडा पेटता ठेवावा लागे. तो विझला की बंदूक म्हणजे काठीच, आणि पेटता ठेवला की अंधारात ठिणगी दिसायची. मग गारेची बंदूक आली. 29 नोव्हेंबर 1803 ला आमच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तो याच बंदुकांच्या जमान्यात. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. तो भरत असताना शेजारचा झाडत असे. एकट्या माणसाला मात्र शेजारी नसतो.

एकोणिसाव्या शतकात गार जाऊन केप आली. केप म्हणजे घोड्याखाली बसवायची तांब्याची इवलीशी टोपी. 1878 मध्ये लिटनच्या कायद्यानं हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तरी रानडुकरांमुळे शेतकऱ्याची ठासणीची बंदूक टिकून राहिली. 1959 च्या कायद्यातही पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे.

अशी एक आमच्या घरी होती. अकोट तालुका, सातपुड्याचा पायथा, साठच्या आसपासचं साल. नळीत दारू, मग चिंध्यांचा दट्ट्या, मग छर्रे, वर पुन्हा चिंध्या, आणि गजानं ठासायचं. एवढं सगळं डुकरं ज्वारीत शिरल्यावर कोण करणार? म्हणून बार आधीच भरलेला असे. तो रिकामा करायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणे. पावसाळ्यात दारू सर्दावे, मग सकाळी चाप ओढला की फुसका बार. हा वाक्प्रचार मी पुढं वर्गात शिकवला, पण शिकलो तो आमच्या अंगणात.

आजोबांचा एक नियम होता : बार भरलेला, केप बंडीच्या खिशात.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मचाणावर आजोबांबरोबर होतो. कणसांत खसफस झाली. आजोबांनी बंदूक खांद्याला लावली, घोडा ओढला आणि खिशात केप चाचपू लागले. थंडीनं बोटं आखडलेली, केप निसटून गवतात पडली. दुसरी शोधेपर्यंत खालून आवाज आला, "आबाजी, मी हावो जी!" आमचा सालदार होता. पोराला ताप चढला म्हणून आजोबांना बोलवायला आला होता. आजोबा खाली उतरले, पण बराच वेळ त्यांच्यानं बोलवेना.

हे मी जेवणावर सांगितलं. मित्र म्हणाला, "आणि अस्वल असतं तर?" खरंच आहे. अस्वलानं केप शोधायला वेळ दिला नसता. मेळघाटच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हे नाकारता येत नाही.

अमेरिकेतही हाच पेच होता. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घर सहा गोळ्यांचं, पण जाणते पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. कारण हातातून पडलं तर स्वतःच्याच पायात गोळी. आताच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत त्यासाठी आतच अडसर असतो. पण तो अडसर पडण्यापासून वाचवतो. अंधारात सालदार आहे की डुक्कर, हे तो सांगत नाही.

भाच्याला मी एवढंच विचारलं, की रोकड तू बँकेतून का पाठवत नाहीस? तो हसला. परवाना अजून आलेला नाही. आमची ठासणीची बंदूक आजोबांनंतर वडिलांनी पोलीस ठाण्यात जमा केली. बंडीच्या खिशातली केपांची डबी तेवढी माझ्याकडे आहे, रिकामी.