काच, पडदा आणि मधली जागा

मागच्या वेळी एका बाईंनी विचारलं होतं, तत्त्वज्ञानाचा माणूस खिडकीवर काय बोलणार? (हशा) प्रश्न रास्त आहे. पण गेल्या एप्रिलमध्ये आमचा जुना फोन पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावलेला होता. पडदा ओढला होता, म्हणजे ऊन अडलं, असा आमचा समज. फोन मात्र पडद्याच्या पलीकडे, काचेला लागून. संध्याकाळी पाहिलं तर बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलेलं. त्या फोनमध्ये आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, दुसरीकडे कुठेही न उतरवलेल्या.

हे असं का होतं, याचा शोध १७६७ साली जिनिव्हात सुरू झाला. होरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी काचेच्या पेट्या एकात एक घालून उन्हात ठेवल्या. पुढे त्यांनी लाकडी पेटी केली, आतून काळ्या बुचाचं अस्तर, वर तीन काचा. आतलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्याही वर गेलं! अशी पेटी घेऊन ते डोंगरावरही गेले. तिथली हवा गार, पण पेटीच्या आत जवळजवळ तेवढीच उष्णता. काच ऊन आत घेते. तापलेल्या वस्तूची उष्णता आणि गरम हवा मात्र सहजी बाहेर सोडत नाही. आमच्या काचेने आणि पडद्याने मिळून अशीच पेटी तयार केली होती, आणि चार्ज होणारा फोन मुळातच तापत होता.

थोरामोठ्यांचीही इथे फसगत झाली आहे. ल कोर्बुझिए यांनी पॅरिसमध्ये निराधारांसाठी बांधलेली इमारत १९३३ साली उघडली. दक्षिणेकडे न उघडणारी काचेची भिंत, उन्हाळ्यात आत भट्टी. युद्धानंतर काचेच्या बाहेर ऊन अडवणाऱ्या आडोशांची चौकट बसवावी लागली. चंदीगडच्या त्यांच्या इमारतींवर तसेच आडोसे दिसतात. सावली काचेच्या बाहेर हवी, एवढंच त्यातलं मर्म.

आमच्या वाड्यात भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, त्यांना लाकडी झडपा. रेडिओ आतल्या भिंतीला फळीवर. तो व्हॉल्व्हचा, स्वतःच शेगडीसारखा तापायचा, म्हणून पाठीला भोकं असलेला पुठ्ठा. आणि आमची आत्या त्यावर भरतकामाचं कापड घालायची, ते वेगळं. (हशा) फ्लॅटमध्ये आलो आणि झडपा गेल्या, सरकत्या काचा आल्या. छज्जा आहे, पण तो डोक्यावरचं ऊन अडवतो. दुपारनंतर सूर्य खाली उतरला की ऊन छज्जाखालून थेट आत येतं.

म्हणून आम्ही पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. राऊटर भिंतीकडे हलवला, मागे चार बोटं जागा सोडून, आणि चार्जिंग आता स्वयंपाकघराच्या बाजूला होतं, पण ओट्यापासून लांब. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, पुन्हा चार्जिंगला तर लावायचीच नाही. दुरुस्तीवाल्याने ती बदलली, फोन सुरू झाला. ओव्या मिळाल्या, आता तीन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत.

टीव्ही मात्र अजून त्याच खिडकीसमोर आहे. केबलचा पॉइंट दुसऱ्या भिंतीवर नाही.