बेंगळुरूत बारावीनंतरचा प्रवेश : मार्ग, पात्रता आणि वेळापत्रक

बेंगळुरू : बारावीनंतर बेंगळुरूत शिकू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा आधी महाविद्यालय निवडतो आणि मग अर्जाकडे वळतो. येथील व्यवस्थेत हा क्रम उलटा ठेवणे हिताचे ठरते. शहरातील सर्व संस्थांसाठी एकच परीक्षा वा एकच अर्ज नाही. एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा निरनिराळ्या परीक्षांतून आणि निरनिराळ्या शुल्कावर भरल्या जातात. त्यांपैकी कोणत्या जागेवर हक्क सांगता येईल, हे बऱ्याच अंशी शालेय शिक्षण कोठे झाले यावर ठरते.

राज्याची सामायिक परीक्षा

कर्नाटक परीक्षा प्राधिकरण दरवर्षी साधारणतः एप्रिलमध्ये केसीईटी ही परीक्षा घेते. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत या परीक्षेला आणि बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांच्या गुणांना समान भार असतो. शासकीय कोट्यातील कमी शुल्काच्या जागा याच मार्गाने मिळतात. पात्रतेची मुख्य अट अशी की, पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा तेथून उत्तीर्ण केलेली असावी.

बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी विद्यार्थ्यांसाठी ही अट महत्त्वाची आहे. दहावीपर्यंत तेथे शिकून अकरावी-बारावीसाठी कोल्हापूर वा पुण्यास गेलेल्या विद्यार्थ्याची पात्रता या अटीनुसार कायम राहते.

सीमेच्या अलीकडे मात्र चित्र वेगळे आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या तालुक्यांतील रहिवाशांसाठी नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ हे स्वतंत्र कलम आहे. परंतु ते कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषा असणाऱ्यांपुरते मर्यादित असून त्यासाठी कन्नड भाषेची चाचणी द्यावी लागते. त्याच तालुक्यातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यास या कलमाचा आधार मिळत नाही.

परराज्यातील विद्यार्थ्यांचा मार्ग

महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकीचा प्रमुख मार्ग म्हणजे खासगी महाविद्यालयांच्या संघाची कॉमेड-के परीक्षा. ती साधारणतः मे महिन्यात होते. तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. आर. व्ही., बी. एम. एस. आणि रामय्या या नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयांतील काही जागा या परीक्षेतून भरल्या जातात. त्यांचे शुल्क शासकीय कोट्यापेक्षा बरेच अधिक असते.

या रचनेमागे न्यायालयीन इतिहास आहे. कर्नाटकातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत शासकीय जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये, राज्यातील अन्य विद्यार्थ्यांसाठी २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपये असे ठरविण्यात आले होते. त्याविरुद्ध मेरठच्या मोहिनी जैन यांनी दाद मागितली आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने देणगी शुल्क अवैध ठरविले. पुढे टी. एम. ए. पै फाउंडेशन (२००२) आणि पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन (२००५) या निकालांनी खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली; मात्र प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवर आधारित असावेत, हे बंधन कायम ठेवले.

विधी, विज्ञान आणि अन्य शाखा

राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम क्लॅट परीक्षेतून मिळतो. ही परीक्षा प्रवेशवर्षाच्या आधीच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावीच्या परीक्षेपूर्वीच होते. भारतीय विज्ञान संस्थेतील चार वर्षांच्या संशोधनाभिमुख विज्ञान पदवीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड वा आयसर अभिरुची चाचणी यांसारख्या परीक्षांतील गुणवत्ता विचारात घेतात. त्यासाठी संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करणे आवश्यक असते. ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचे आणि २०२२ पासून होणाऱ्या केंद्रीय विद्यापीठ परीक्षेचे ‘सीयूईटी’ हे संक्षिप्त नाव एकच असल्याने अर्ज भरताना गफलत होऊ शकते. वैद्यकीय प्रवेशासाठी सर्वत्र नीट अनिवार्य आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत २०२४-२५ पासून पदवी अभ्यासक्रम पुन्हा तीन वर्षांचा झाला आहे.

आरक्षण आणि कागदपत्रे

महाराष्ट्रातील जात प्रमाणपत्राच्या आधारे कर्नाटकच्या राज्य कोट्यात आरक्षण मिळत नाही. मुंबईतील वैद्यकीय प्रवेशातून उद्भवलेल्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे तत्त्व अनुसूचित जाती-जमातींबाबत स्पष्ट केले. केंद्रीय संस्थांत मात्र केंद्रीय सूचीनुसार आरक्षण लागू होते.

प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र निकालानंतर लगेच मागविणे सोयीचे ठरते.

दलालांपासूनही सावध राहणे आवश्यक आहे. २०२४ साली अभियांत्रिकीच्या जागा अडवून ठेवल्याच्या प्रकरणात बेंगळुरूत गुन्हा नोंद होऊन अटकाही झाल्या. गुणवत्तेवरील जागा अधिकृत संकेतस्थळावरील समुपदेशन फेऱ्यांतूनच मिळते. त्याबाहेर रोख रकमेच्या बदल्यात अशी जागा मिळवून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्यास कायद्याचा आधार नसतो आणि भरलेली रक्कम परत मिळण्याची हमीही नसते. परीक्षांच्या तारखा व पात्रतेची कलमे दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे अपरिहार्य आहे.