नेत्रसेवेतील तंत्रज्ञ : शिक्षण, अधिकार आणि आपले ज्ञानदान

पाठशाळेत जाणाऱ्या लहान मुलालाही एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचा क्रम तोंडपाठ असतो. प्रथम स्पर्श, मग रस, मग गंध, आणि चौथ्या पायरीवर चक्षू. इतक्या पायऱ्या चढल्यानंतर जीवाला डोळा लाभतो, असे आपले शास्त्र सांगते. आपल्या आचारधर्माचा मोठा भागही याच इंद्रियावर उभा आहे. पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती, आहार पाहून-शोधून घेण्याचा नियम, सायंकाळचा स्वाध्याय, हे सारे दृष्टीवाचून अवघड होते.

चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली, ती दृष्टी क्षीण होऊन समितीचे निर्दोष पालन होईना म्हणून. 18 सप्टेंबर 1955 रोजी त्यांची समाधी झाली. पंथ कोणताही असो, या प्रसंगातून एक गोष्ट प्रत्येक श्रावकाने मनात धरावी : आपल्या परंपरेत दृष्टी ही केवळ सोय नाही, ती व्रताचे साधन आहे. म्हणूनच औषधदानात नेत्रसेवेला आपल्या समाजाने नेहमी वरचे स्थान दिले. पुणे जिल्ह्यातील चासकमान येथे जन्मलेल्या आचार्य चंदनाजींनी बिहारमधील राजगीर येथे वीरायतनाच्या माध्यमातून नेत्ररुग्णालय उभारले, ते याच परंपरेचे उज्ज्वल उदाहरण होय.

या सेवेच्या इतिहासात दात्याचे नाव फलकावर असते, शल्यचिकित्सकाचे नाव रुग्णाच्या ओठावर असते. परंतु ज्याने डोळा मोजला, त्या तंत्रज्ञाचे नाव सहसा कोठेच नसते. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्याच्या शिक्षणाचा व वाटचालीचा इतिहास थोडक्यात मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

चष्मेवाल्यापासून नेत्र सहायकापर्यंत

स्वातंत्र्यापूर्वी चष्म्याचा नंबर काढणे हे बहुतांशी दुकानात शिकण्याचे काम होते. वडिलांकडून मुलाने आणि मालकाकडून नोकराने ते उचलावे, अशी रीत होती. चाळिशी लागली की बाजारात जावे, दोन-चार चष्मे डोळ्यांवर लावून पाहावेत आणि ज्याने अक्षर दिसेल तो घ्यावा, हीच ग्रामीण भागातील तपासणी. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, 1958 साली, अलीगढ येथील गांधी नेत्ररुग्णालय व हैदराबाद येथील सरोजिनीदेवी नेत्ररुग्णालय येथे ऑप्टोमेट्रीचे दोन वर्षांचे पदविका शिक्षण सुरू झाले. दुकानातील विद्या अशा रीतीने प्रथमच वर्गात आली.

पुढचा टप्पा 1976 चा. त्या वर्षी केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. देशातील अंधत्वाचे प्रमाण 1.4 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. आपली संस्था आणि हा कार्यक्रम यांच्या वयात फारसे अंतर नाही. खेड्यापाड्यांत नेत्रतज्ज्ञ पुरणार नाहीत हे ओळखून या कार्यक्रमात नेत्र सहायक हे पद निर्माण झाले. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि ग्रामीण पातळीवर नेमणूक, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्रात हे कर्मचारी नेत्रचिकित्सा अधिकारी या नावाने ओळखले जातात. दृष्टी तपासणे, नंबर काढणे, शाळांतील मुलांची तपासणी करणे, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शस्त्रक्रियेसाठी पाठविणे आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांची विचारपूस करणे ही त्यांची कामे.

शस्त्रक्रिया बदलली, तसा तंत्रज्ञही बदलला

जुन्या शिबिरांत मोतीबिंदू काढला की रुग्णाला सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा जाड चष्मा मिळे. बहुतेकांचा नंबर दहाच्या आसपास असे. त्यामुळे एकाच मापाचे चष्मे पेटीभर आणून वाटले तरी काम भागत असे. 1994 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प सुरू झाला. तंबूतील शस्त्रक्रिया मागे पडून त्या रुग्णालयात होऊ लागल्या आणि डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत रूढ झाली.

या बदलाने तंत्रज्ञाचे महत्त्व एकदम वाढविले. आत बसवायचे भिंग प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे असते. त्यासाठी बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी यंत्राने मोजावी लागते. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरात सुमारे अडीच ते तीनचा फरक पडतो, आणि तो रुग्णाला पुढे कायमचा वागवावा लागतो. शल्यचिकित्सक कितीही निष्णात असो, मोजमाप चुकले की त्याच्या कौशल्याचे पूर्ण फळ रुग्णाला मिळत नाही. पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्या प्रत्येक डोळ्यामागे असे एक अचूक मोजमाप उभे असते, हे आपण विसरू नये.

2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण 0.36 टक्के आढळले. 2017 साली अंधत्वाची व्याख्या बदलली असल्याने जुन्या आकड्यांशी त्याची तुलना जपूनच करावी. तरीही प्रगती मोठी आहे, यात शंका नाही. मात्र पन्नाशीपुढील अंधत्वात सुमारे दोन-तृतीयांश वाटा आजही मोतीबिंदूचाच आहे. म्हणजे, वेळेवर शोधले आणि नीट मोजले तर टळू शकेल असेच हे अंधत्व आहे.

शिक्षणाच्या पायऱ्या व कायद्याची मान्यता

आज या क्षेत्रात प्रवेशाचे तीन मार्ग आहेत. पहिला, नेत्र सहायकाची दोन वर्षांची पदविका. दुसरा, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या निमवैद्यकीय पदवीतील ऑप्टोमेट्री तंत्रज्ञ ही शाखा. तिसरा, बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री ही चार वर्षांची पदवी, ज्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. या चार वर्षांच्या शिक्षणाचा पाया आपल्या देशात 1985 साली चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने घातला. पुढे मुंबई-पुण्यातही अशी महाविद्यालये निघाली.

पदवीनंतर मास्टर ऑफ ऑप्टोमेट्री, आणि त्यापुढे संपर्क भिंगे, लहान मुलांची दृष्टी, अल्पदृष्टी रुग्णांचे पुनर्वसन अशा विशेष शाखा आहेत. अध्यापन व संशोधनाचा मार्गही खुला आहे. काही विद्यापीठे पदविकाधारकांना पदवीच्या पुढील वर्षात थेट प्रवेश देतात. ज्याला ही शिडी माहीत नाही, तो मात्र पदविकेवरच थांबतो. शासकीय सेवेत बढतीच्या जागा थोड्या. म्हणून पहिली नोकरी लागल्यावरही शिक्षण चालू ठेवणे, हाच या व्यवसायात पुढे जाण्याचा खरा मार्ग आहे.

अनेक वर्षे या व्यवसायाला देशपातळीवर एक कायदा नव्हता. काही आठवड्यांचे प्रमाणपत्र मिळविणारा आणि चार वर्षे शिकलेला, दोघेही एकाच पाटीखाली बसत. 2021 साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात नेत्रविज्ञान गटात ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्र सहायक व दृष्टी तंत्रज्ञ यांचा समावेश झाला. संलग्न व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तासांचे शिक्षण आवश्यक ठरले. झटपट प्रमाणपत्राच्या जाहिरातीला भुलणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

नेत्रदानाशी संबंधित आणखी एक बदल आपल्या समाजाला जवळचा वाटेल. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या केंद्रीय कायद्यात 2011 साली झालेल्या दुरुस्तीने, विहित पात्रता असलेल्या तंत्रज्ञालाही बुबुळ काढून घेण्याची मुभा मिळाली. दात्याचा संकल्प सिद्धीस जावा यासाठी जवळपास एक शिकलेला माणूस असणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

शेणव्याच्या पंचक्रोशीसाठी

शहापूर-मुरबाडचा हा पट्टा भातशेतीचा. कापणी-मळणीच्या दिवसांत भाताचे कुसळ डोळ्यात जाते. शेतकरी डोळा चोळतो, घरगुती उपाय करतो, आणि बुबुळावर जखम चिघळून फूल पडते. ठाकूर-कातकरी पाड्यांवरील मुलाला फळा दिसत नाही, म्हणून तो ‘ढ’ ठरतो आणि शाळा सोडतो. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण मजुरी बुडवून तेथे जायचे की नाही, हे ठरविण्याआधी जवळच्या कोणी तरी ‘हे आजच दाखवा’ असे सांगावे लागते. शिबिर एक दिवस येते आणि उठून जाते. कुसळ मात्र शिबिराची तारीख पाहून डोळ्यात जात नाही.

दोनशे चष्मे वाटल्याने दोनशे जणांची सोय होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु याच पंचक्रोशीतील एका मुलीला किंवा मुलाला चार वर्षे शिकविले, तर ती व्यक्ती पुढे तीस वर्षे डोळे तपासील, काचबिंदूचा संशय आल्यास वेळीच पुढे पाठवील आणि आपल्या बोलीत समजावून सांगेल. आपल्या शास्त्रात आहार, औषध, अभय व ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. औषधदान आपण आजवर केले; आता त्याला ज्ञानदानाची जोड द्यावी.

यासाठी निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच घ्यावा लागतो. अकरावीला विज्ञान शाखा घेतली नाही, तर हा दरवाजा बंद होतो. खेड्यातील कितीतरी हुशार मुले, विज्ञान शाखेचे महाविद्यालय लांब म्हणून कला शाखेकडे वळतात. त्यांना त्या वळणावरच हात द्यावा : अकरावीपासूनचा प्रवासखर्च, वसतिगृह, पुस्तके, आणि पुढे शुल्क. दरवर्षी एकच विद्यार्थी घेतला, त्याच्या मागे अखेरपर्यंत उभे राहिलो आणि जात-धर्म पाहिला नाही, तर दहा वर्षांत या तालुक्याचे चित्र पालटेल.

हीरक महोत्सवाची स्मरणिका निघेल, तेव्हा तीत दात्यांच्या नावांबरोबर अशा चार-पाच तंत्रज्ञांची नावे छापता यावीत, हीच प्रार्थना.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.